हाड कमी, दात जास्त

अक्कलदाढ काढण्याच्या पद्धतींची तुलना करणारा एक तक्ता आमच्या पाठ्यपुस्तकांत असतो. डावीकडे पद्धती: छिन्नी-हातोडी, बर म्हणजे यंत्रावर फिरणारं कापायचं टोक, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत पिझो. वर रकाने: लागणारा वेळ, दुसऱ्या दिवशीची सूज, तोंड किती उघडतं, ओठ किंवा जीभ बधिर होण्याची शक्यता. परीक्षेत हा तक्ता नीट काढला की सर खूश. पन्हाळ्याच्या पायथ्याशी दवाखाना टाकल्यावर माझ्या लक्षात यायला लागलं की त्यात बरेच रकाने कमी आहेत. वीज किती तास असते, हा रकाना त्यात नाही. टाके काढायला माणूस परत येणार का, हा नाही. साखर कारखाने सुरू आहेत की बंद, हा नाही. तोंडात कापसाचा बोळा धरून तो वाघबिळाच्या वळणांवरून एकटाच मोटारसायकल हाकत घरी जाणार आहे का, हाही नाही.

गेली वीसेक वर्षं मी इथं दातांचं काम करतो. गडावरची माणसं येतात, कोतोली-बाजारभोगावकडची येतात, कोडोली-वारणेच्या बाजूची येतात, मसाई पठाराच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची येतात. कवळ्या, सिमेंट भरणं, रूट कॅनाल हे रोजचं. पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते खालच्या जबड्यात अडकून बसलेल्या अक्कलदाढेनं, कारण तिथं दर वेळी एकच प्रश्न समोर उभा राहतो: काढायचं किती? हाड किती, दात किती, आणि मुळात काही काढायचं की नाही?

कॉलेजातले आमचे सर सांगायचे, "हाड कमी कापा, दात जास्त कापा. दात तसाही टाकूनच द्यायचाय, हाड त्याच्याजवळ राहणार आहे." तेव्हा ते परीक्षेत लिहायचं वाक्य वाटलं होतं. पुढं कळलं की या शस्त्रक्रियेतला सगळा वाद त्या एका वाक्यात येतो.

अक्कलदाढ साधारण सतरा ते पंचविसाच्या दरम्यान येते, आणि येताना जागा नसली की तिरकी होते, आडवी पडते किंवा अर्धवट वर येऊन थांबते. अर्धवट आलेली सगळ्यात तापदायक. तिच्यावर हिरडीचा एक पदर राहतो, त्याखाली अन्न अडकतं, तिथं पू होतो. पेशंट येतो तेव्हा गाल सुजलेला, मान एका बाजूला, बोलणं दातांतल्या दातांत. "आवो डॉक्टर, तोंडच उघडंना झालंय. परवा पाव्हण्यात लगीन हाय, आजच काढून टाका की एकदाची." आज काढता येत नाही हे पटवण्यात माझा बराच जन्म गेला. सुजलेल्या, पू झालेल्या भागात भूल नीट चढत नाही. तिथली आम्लता औषधाला काम करू देत नाही. शिवाय दोन बोटं जातील एवढंही तोंड उघडत नसेल तर आत हत्यार न्यायचं कुठून? म्हणून पदराखालची घाण सलाइननं धुवायची, गोळ्या द्यायच्या, गरम मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगायच्या आणि आठ दिवसांनी बोलवायचं. ठणका थांबला की निम्मे लोक येत नाहीत. पुढच्या लग्नसराईला येतात.

इथं एक जुनी युक्ती फार कामाला येते, आणि ती तुलनेच्या कुठल्याच तक्त्यात नसते. पुष्कळदा वरची अक्कलदाढ खाली वाढून त्या सुजलेल्या पदरावर घासत असते. घास चावला की तिचा घाव तिथंच. अशा वेळी तोंड पुरेसं उघडत असेल तर वरची दाढ काढून टाकायची. वरचं हाड मऊ, भूल सोपी, बहुतेकदा टाकाही लागत नाही, पाच-दहा मिनिटांत काम. खालच्या दाढेला हातही न लावता माणूस दोन दिवसांत तोंड उघडायला लागतो. ऊसतोडीच्या टोळीतल्या एका बाईच्या बाबतीत मी हेच केलं. बीडकडून आलेली टोळी, शेताच्या कडेला कोप्या, आणि नवराबायकोनं मिळून मुकादमाकडून उचल घेतलेली. "उद्या पहाटं फडात जायचंच आहे, साहेब. कोयता एका हातानं चालत नाही," असं ती म्हणाली. तिच्या खालच्या दाढेवर तेव्हा शस्त्रक्रिया केली असती तर चार दिवस सूज, वाकलं की ठणका, आणि डोक्यावर मोळी. पुस्तकाप्रमाणं खालची दाढ हाच रोग होता. मी वरची काढली आणि खालचीचं काम गळीत हंगाम संपल्यावर गावाकडं करून घ्यायला चिठ्ठी लिहून दिली. तिनं ते करून घेतलं की नाही हे मला कधीच कळणार नाही.

काढायचीच ठरली तर आधी एक्स-रे वाचावा लागतो, आणि शस्त्रक्रिया तिथंच निम्मी होते. १९२६ साली जॉर्ज विंटर या अमेरिकन दंतशल्यविशारदानं अडकलेल्या दाढांची त्यांच्या कलावरून विभागणी केली: पुढं झुकलेली, मागं झुकलेली, उभी, आडवी. १९३३ मध्ये पेल आणि ग्रेगरी यांनी खोली आणि मागची जागा यांवरून दुसरी विभागणी दिली. आजही आम्ही या दोन्हींचीच भाषा बोलतो. नवख्याला आडवी दाढ बघून धडकी भरते आणि मागं झुकलेली सोपी वाटते, कारण फिल्मवर ती जवळजवळ उभीच दिसते. खालच्या जबड्यात प्रत्यक्षात उलटं असतं. मागं झुकलेली दाढ सरळ जबड्याच्या उभ्या हाडात घुसलेली असते. ती उचलायला जावं तो आणखी मागं रुतते. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढायला पेशंटला कोल्हापूरला पाठवावं लागायचं. एक अख्खा दिवस आणि एस.टी.चं भाडं. म्हणून तोंडातल्या छोट्या फिल्मवर भागवायचो. ती इतक्या मागं ठेवली की पेशंटला ओकारी येई आणि नेमकी मुळांची टोकं फिल्मबाहेर राहत. अशी अर्धी माहिती घेऊन केलेली पद्धतींची निवड कितीही शास्त्रशुद्ध असली तरी तिला फारसा अर्थ नसतो.

आता छिन्नीबद्दल. आमच्या पिढीला शिकवणाऱ्या जुन्या सरांच्या हातात ब्रिटिश परंपरा होती. खालची अक्कलदाढ जिभेच्या बाजूचं हाड फोडून काढायची पद्धत सर विल्यम केल्सी फ्राय यांची. पहिल्या महायुद्धात चेहरे उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांवर काम केलेला हा माणूस. १९५६ साली टेरेन्स वॉर्ड यांनी तिचं सविस्तर वर्णन ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये छापलं. जबड्याच्या हाडाला सुताराच्या लाकडासारख्या रेषा असतात. छिन्नी त्या रेषेवर पडली की फट धावत पुढं जाते. म्हणून आधी दुसऱ्या दाढेच्या मागं एक उभी खाच मारायची, म्हणजे फट तिथं थांबते आणि चांगल्या दाढेचं हाड उडत नाही. मग गालाकडचं थोडं हाड काढायचं, शेवटी जिभेकडचा पातळ पत्रा आतल्या बाजूला मोडायचा, आणि दाढ त्या वाटेनं मागं-आत लोळवून बाहेर. तरुण पेशंट असेल, हाड लवचीक असेल आणि पूर्ण भूल दिलेली असेल, तर सरांच्या हातून हे काम बघता बघता संपायचं. आम्ही गाउन बांधेपर्यंत दाढ ट्रेमध्ये. वेगाच्या बाबतीत तिच्या जवळपास दुसरी पद्धत येत नाही, आणि बरच्या उष्णतेचा प्रश्नच नाही.

पण दवाखान्याच्या खुर्चीत, फक्त जागेवर भूल देऊन, जागा असलेल्या माणसाच्या जबड्यावर हातोडी मारायची म्हणजे वेगळंच प्रकरण. दुखत नाही, पण ठोका कानात आणि डोक्यात घुमतो. हातोडी मारताना मदतनिसानं जबड्याची खालची कड मुठीत भक्कम धरावी लागते, नाहीतर सगळा मार कानापुढच्या सांध्यावर जातो आणि दाढेपेक्षा सांधाच जास्त दिवस दुखतो. आणि जिभेची नस त्या आतल्या पत्र्याला जवळजवळ चिकटून असते. या पद्धतीनंतर जीभ तात्पुरती बधिर होण्याचं प्रमाण जास्त, हे पेशंटला आधी सांगावंच लागतं. एकानं मला नंतर येऊन सांगितलं, "डाव्या बाजूनं रस्सा प्यालो तर गरम पाणी, उजव्या बाजूनं प्यालो तर रस्सा." दोनेक महिन्यांत त्याची चव परत आली. तोवर तो जेवायला बसला की घरचे त्याला कुठली बाजू आहे ते विचारायचे.

एवढं असून ही पद्धत मी काही वर्षं हाताशी ठेवली, आणि त्याचं कारण कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं ज्यांनी ग्रामीण महाराष्ट्रात काढली त्यांना ते लगेच कळेल. वीज इतके तास जायची की इन्व्हर्टरची बॅटरी भरायला वेळच मिळत नसे. बर चालवणारी मायक्रोमोटर मध्येच बंद, दाढ अर्धी कापलेली, हिरडीचा उचललेला फ्लॅप उघडा. अशा वेळी कपाळाला बॅटरी बांधायची आणि उरलेलं काम छिन्नीनं. एक निवृत्त फौजी खुर्चीत होते. त्यांना म्हटलं, "आता चार-पाच ठोके बसतील, घाबरू नका." ते हातानंच 'मारा' अशी खूण करून प्रत्येक ठोका बोटांवर मोजत बसले, आणि सहावा बसल्यावर माझ्याकडं डोळे वटारून बघितलं.

बरची गोष्ट संथ आहे, पण ती माणसाच्या हातात राहते. गालाच्या बाजूनं दाढेभोवती हाडात एक अरुंद चर खणायची, दाढेचा माथा दिसला की तो मधोमध कापायचा, तुकडे वेगळे काढायचे, मग मुळं एकेक करून त्यांच्या वाकानं बाहेर आणायची. जिभेकडच्या हाडाला हात लावायची गरज बहुतेक पडत नाही. सरांचं वाक्य इथं शब्दशः खरं होतं: जितका दात जास्त वेळा कापाल तितकं हाड कमी काढावं लागतं. सुरुवातीला मला अख्खी दाढ एका झटक्यात बाहेर काढायची हौस होती. ट्रेमध्ये ती शाबूत पडली की बरं वाटायचं. पेशंटलाही बरं वाटतं, त्याला ती पुडीत बांधून घरी न्यायची असते. पण शाबूत दाढेची किंमत हाडानं मोजावी लागते, आणि ती दुसऱ्या दिवशी गालावर दिसते. आता माझ्या ट्रेमध्ये चार तुकडे पडतात आणि पेशंट नाराज होतो.

बरचा शत्रू उष्णता. स्वीडनमधल्या एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये सशांच्या हाडावर प्रयोग करून दाखवलं की ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिटभर तापलेलं हाडही बिघडतं. गरम चहा त्याहून तापलेला असतो. म्हणून बर फिरत असताना त्यावर सलाइनची धार सतत हवी. मोठ्या दवाखान्यांत यंत्रातूनच धार येते. माझ्याकडं ती माझी मदतनीस सिरिंजनं सोडायची, आणि शस्त्रक्रिया चांगली झाली की वाईट यात तिच्या अंगठ्याचा वाटा माझ्या हाताइतकाच होता. दहावी झालेली जवळच्या वाडीतली मुलगी. माझी कूपलँड, क्रायर, वॉरविक जेम्स अशी परदेशी नावांची हत्यारं तिनं आपल्या सोयीनं लावून घेतली होती. क्रायरच्या जोडीला ती उजवा बावटा, डावा बावटा म्हणायची. आकारच तसा आहे. मी 'डावा' म्हणायच्या आत तो हातात असायचा.

इथंच एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती अजून घडते. दात भरायला वापरतात ती हवेवर चालणारी एअर रोटर शस्त्रक्रियेत हाडावर चालवायची नसते. तिची हवा पुढून बाहेर पडते आणि उघडलेल्या फ्लॅपखालून गालात, मानेत घुसते. एक कॉलेजचा मुलगा माझ्याकडं आला होता तो अशाच कामानंतर. दुसरीकडं दाढ अर्धवट काढलेली, गाल गळ्यापर्यंत फुगलेला, आणि बोटानं दाबलं की आत चुरचुर वाजतंय. घरच्यांना वाटलं औषधाची रिअ‍ॅक्शन. तो वाचला, कारण हवा पुढं छातीकडं उतरली नाही. पद्धत बरचीच, पण यंत्र चुकीचं.

फ्लॅप कसा घ्यावा, टाके कसे घालावेत, यावरही भरपूर भांडणं आहेत. कॉक्रेन या संस्थेनं खालच्या अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेतल्या पद्धतींवरचे जगभरातले प्रयोग एकत्र करून २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. वाचताना थोडी करमणूकच होते. त्रिकोणी फ्लॅपनं ड्राय सॉकेट कमी होत असावं. जखम घट्ट शिवण्यापेक्षा थोडी फट ठेवली तर दुखणं आणि सूज जरा कमी असावी. बाकी बहुतेक बाबतींत ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही. इतक्या वर्षांच्या वादाचं फलित एवढंच. मला त्यात नवल वाटलं नाही. अशा प्रयोगांत घेतलेली माणसं बहुतेक तरुण, निरोगी, औषधं वेळेवर घेणारी असतात. माझ्या खुर्चीतला माणूस भूल उतरायच्या आत चुना मळायला लागतो. तंबाखू, मावा, बायकांची मिश्री यांच्यापुढं त्रिकोणी आणि सरळ फ्लॅपमधला फरक टिकत नाही. जखमेतली रक्ताची गाठ सुटली, हाड उघडं पडलं, म्हणजेच ड्राय सॉकेट झालं, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत कळ मारते आणि पेशंट रात्री फोन करतो. मग धुवायचं आणि लवंगाच्या तेलाची पट्टी भरायची. मी आता तंबाखू कायमची सोडा असं त्या दिवशी सांगतच नाही. चार दिवसांचा सौदा करतो. चार दिवस बहुतेक जण पाळतात, काही जणांचे पुढं वाढतात.

टाक्यांचा वाद माझ्यापुरता रस्त्यानं मिटवला. काळा रेशमी धागा स्वस्त, गाठ पक्की बसते, पण आठवड्यानं काढावा लागतो. विरघळणारा महाग. वर्षानुवर्षं मी रेशीमच वापरलं. २०२१ च्या जुलैत धो धो पावसात चार दरवाज्याजवळ गडाचा रस्ताच खचला आणि पन्हाळ्यावरची वाहनं बंद झाली. पावसाळ्यात पन्हाळ्यावरून उतरायचं म्हणजे काय, हे १६६० पासून महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण तेव्हाच्या मावळ्यांच्या तोंडात माझे टाके नव्हते. गडावरच्या एका बाईंनी फोन केला, "डॉक्टर, आठ दिस झालं, धागा टोचालाय. घरची कात्री चालंल का?" शेवटी ओळखीच्या आरोग्यसेविकेनं व्हिडिओ कॉलवर मला दाखवत ते काढले. जिभेकडचा एक टाका सापडेना, तो दोन दिवसांनी आपोआप निघाला. तेव्हापासून गडावरच्या आणि घाटापलीकडच्या माणसाला विरघळणारा धागाच. जादाचे पैसे मी एस.टी.च्या भाड्यात धरून समजावतो.

कोल्हापूर जिल्ह्यात दंतवैद्याला पैलवान टाळता येत नाहीत. खोल अडकलेली अक्कलदाढ असली की जबड्याचा कोपरा मुळातच कमजोर असतो. हाडाच्या जागी दात बसलेला असतो ना. तोंडावर मार बसला तर जबडा तिथंच मोडण्याची शक्यता वाढते. आणि दाढ काढल्यावर तो काही आठवडे आणखी कमजोर असतो. गंमत अशी की शस्त्रक्रियेनंतर जबडा मोडण्याचे प्रकार पहिल्या दोन दिवसांत फारसे होत नाहीत. ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होतात, जेव्हा सूज गेलेली असते, माणसाला वाटतं झालं सगळं, आणि तो हाडूक फोडायला घेतो. एक तरुण मल्ल वस्तादांना घेऊन आला. दाढ आडवी, खोल, वारंवार पू. गावच्या यात्रेचं मैदान दीड महिन्यावर. बोलणं सगळं वस्तादच करत होते. पोरगा हात बांधून उभा. मी म्हटलं, मैदान सोडावं लागेल. वस्तादांनी बराच वेळ एक्स-रेकडं बघितलं आणि विचारलं, "आणि खुराकाचं?" बदाम चावायचे नाहीत, वाटून थंडाई चालेल, दूध-तूप चालेल, मटण नको पण रस्सा कोमट करून चालेल. "मग काय अडचण न्हाई," ते म्हणाले, "मैदान पुढच्या साली बी हाय." त्या दाढेचे मी कधी नव्हे इतके तुकडे केले. वेळ दुप्पट लागला. पद्धतींच्या तुलनेत 'वेळ' हा रकाना पहिला का असतो, हे मला तेव्हापासून पटेनासं झालं.

माझं मत सगळ्यात जास्त बदललं ते मात्र एका सनईवाल्यामुळं. लग्नांत आणि देवळांत वाजवणारा, चाळिशीच्या पुढचा माणूस. एक्स-रेत दाढेच्या मुळांवर काळसर पट्टा, आणि खालच्या ओठाला संवेदना देणाऱ्या नसेच्या कालव्याची पांढरी रेघ नेमकी तिथं तुटलेली. रूड आणि शेहाब यांनी १९९० मध्ये अशा सात खुणा सांगितल्या. त्या दिसल्या की नस आणि मुळं एकमेकांना भिडलेली असण्याची भीती. कोल्हापूरहून थ्री-डी स्कॅन करून आणला, त्यातही तेच. दहातल्या नऊ माणसांना ओठाचा कोपरा थोडा बधिर राहिला तरी चालून जातं; दाढी करताना लागतं, घास ओघळतो, सवय होते. सनईची पत्ती ओठांत धरणाऱ्याचं काय? त्याला मी नीट सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "ओठ गेला तर मी गेलो."

१९८४ मध्ये फ्रान्समध्ये एक्युये आणि देबियाँ यांनी एक पर्याय मांडला होता, करोनेक्टॉमी. दाढेचा फक्त माथा कापून काढायचा, मुळं जाणूनबुजून आत ठेवायची, हाडाच्या कडेपासून किमान तीन मिलिमीटर खाली घासून वरून हिरडी शिवून टाकायची. मुळांना पू नसावा, ती हलती नसावीत, एवढी अट. कॉलेजात हे ऐकलं होतं तेव्हा वर्गात हशा पिकला होता, कारण मूळ आत राहणं म्हणजे अर्धवट काम अशीच आमची शिकवण. सनईवाल्यालाही तेच वाटलं. "म्हंजी निम्मी दाढ काढायची नि पैसं पुरं?" मी हो म्हटलं. माथा कापताना बर नसेच्या बाजूला जाऊ नये म्हणून जितका वेळ घेतला तितका मी अख्ख्या दाढेलाही घेत नाही. पुढच्या वर्षाच्या एक्स-रेत मुळं दोन-तीन मिलिमीटर वर सरकलेली दिसली, नसेपासून लांब. हे बऱ्याचदा होतं, आणि पुढं कधी काढायची वेळ आलीच तर ती मग सोपी असतात. ओठ शाबूत. कुठल्याशा लग्नात वाजवताना त्यानं मला गर्दीत बघितलं आणि सूर न सोडता मान हलवली. जेवणाच्या पंगतीतही मग तो माझ्याच शेजारी येऊन बसला आणि पानावरची सगळी कडक भजी त्यानं दुसऱ्या बाजूनं चावून दाखवली.

पिझोबद्दल लोक विचारतात. इटलीच्या तोमासो व्हेर्चेलोत्ती यांनी ते दातांच्या कामात आणलं. श्राव्यातीत कंपनांनी हाड कापणारं यंत्र; हाड कापतं, पण मऊ नस किंवा पडदा त्याच कंपनानं सहसा कापला जात नाही. मी ते एका सहकाऱ्याकडं जाऊन वापरलं. नसेच्या अगदी जवळ काम असेल तर मन निवांत राहतं, सूजही कमी वाटते. पण हळू आहे, फार हळू, आणि दाताचं कठीण आवरण कापायला शेवटी बरच घ्यावा लागतो. यंत्राची किंमत लाखांत. नव्या मुलांना मी एवढंच सांगतो की ज्याचा हप्ता चालू असतो ते यंत्र प्रत्येक पेशंटला आवश्यक वाटायला लागतं. हे छिन्नीच्या बाबतीत कधी झालं नाही, ती एकदाच विकत घ्यायची होती.

मग काढायचीच नाही, असं कधी? ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं २००० साली सांगून टाकलं की त्रास नसलेली अडकलेली अक्कलदाढ केवळ पुढं त्रास होईल म्हणून काढू नये. आपल्याकडं अजून "पुढचे दात वाकडे होतील" हे कारण देऊन चारही काढल्या जातात. त्या कारणाला भक्कम आधार नाही. तरी 'नाइस'चं मी पूर्ण मानत नाही. पुढं झुकलेली, अर्धी वर आलेली दाढ दुसऱ्या दाढेच्या पाठीला टेकून बसते, आणि त्या खाचेत गुऱ्हाळाच्या मुलखातला गूळ वर्षभर साचतो. दुखायला लागतं तेव्हा अक्कलदाढ ठणठणीत आणि पुढची चांगली दाढ मुळापर्यंत किडलेली. लंडनमधल्या माणसाला दर सहा महिन्यांनी तपासणीला बोलावता येतं, इथं दुखल्याशिवाय कोण येतो? म्हणून अशी दाढ विशीत दिसली तर मी काढा म्हणतो. विशीत हाड मऊ असतं, मुळं बऱ्याचदा पुरी झालेली नसतात. तीच पंचेचाळिशीत हाडाला जखडून बसते आणि सगळ्या पद्धती सारख्याच अवघड होतात.

उलट, पूर्ण हाडात गाडलेली आणि म्हातारपणापर्यंत शांत राहिलेली दाढ तशीच ठेवलेली बरी. मसाई पठाराकडचे एक तात्या कवळी करायला आले. एक्स-रेत जबड्याच्या कोपऱ्यात आडवी दाढ, साठ वर्षं तिथंच. ना गाठ, ना पू. मी म्हटलं, हिला हात लावायचा नाही, फक्त अधूनमधून फोटो काढून बघू. त्यांनी विचारलं, "काढली असती तर किती घेतलं असतंसा?" मी आकडा सांगितला. "आणि न काढायचं?" तपासणीची फी सांगितली. तात्यांनी बाहेर बाकावर बसलेल्या म्हातारीला हाक मारली.

"ये गं आत," ते म्हणाले, "त्याच फीत तुजं बी बघत्यात."